पिण्यास योग्य

सोनखेड जिल्ह्याने देशाच्या विकासात मोठी झेप घेतली, त्या वर्षी सोनखेड शहरात नळाला दिवसाआड पाणी येत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. ज्यांना असल्या गोष्टी मनात येण्यासाठीच पगार मिळत होता, ती मंडळी विकासफलकाच्या उद्घाटनाला गेली होती.

हा फलक जिल्हाधिकारी कार्यालयासमोरच्या चौकात उभा केला होता. पूर्वी जिल्ह्याचं उत्पन्न वर्ष उलटून गेल्यावर, तेही अंदाजाने कळायचं. आता प्रत्येक व्यवहार यंत्रातून जात असल्यामुळे ते क्षणाक्षणाला कळत होतं आणि फलकावरचे आकडे नुसते पळत असत. सोनखेडमध्ये पिकत होतं ते पूर्वीइतकंच. बनत होतं ते पूर्वीपेक्षा कमी. वाढत होती ती माहितीसेवा. सोनखेडचं यंत्र पाण्याचे दाखले देई. ते दाखले विमा कंपन्यांची यंत्रं विकत घेत. विम्याचे अंदाज बँकांची यंत्रं विकत घेत, बँकांचे अंदाज बिल्डरांची यंत्रं घेत, आणि या सगळ्यांची पडताळणी करणारं यंत्र पुन्हा सोनखेडकडूनच एक दाखला घेई. प्रत्येक फेरीला आकडा वर सरके. या सगळ्या उलाढालीत पेलाभर पाणी कुठेही लागत नसे.

दाखले देणाऱ्या यंत्राचं नाव होतं 'हेमा'. ते ज्या बाईच्या नावावरून ठेवलं होतं, ती हेमांगी दुधगावकर जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत रसायनशास्त्रज्ञ होती आणि त्या वेळी प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत बसत होती. पुढची खोली परदेशी पाहुण्यांसाठी 'अनुभव केंद्र' झाली होती.

यंत्र तयार केलं होतं हेमांगीच्या धाकट्या भावाने, उमाकांतने. आईवडील लवकर गेल्यावर हेमांगीनेच त्याला वाढवलं, शिकवलं. तो हुशार होता. पण स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश असे, की दुसऱ्याचं बोलणं पुरतं ऐकायला त्याला वेळच मिळत नसे. यंत्राची कल्पना त्याला सुचली ती मात्र खरोखर चांगली होती.

पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे ठरवायची जुनी रीत साधी आणि संथ आहे. दुधातली साखर घातलेल्या पोषक द्रावणात थोडं पाणी सोडायचं, त्यात एक चिमुकली नळी उपडी ठेवायची आणि ते सगळं अंगाइतक्या उष्णतेच्या पेटीत, म्हणजे इन्क्युबेटरमध्ये, एक-दोन दिवस उबवायचं. पाण्यात मैल्यातले जिवाणू असतील तर ते ती साखर खातात, वाढतात, वायू सोडतात आणि उपड्या नळीत बुडबुडा धरतो. बुडबुडा दिसला की पाणी वाईट. हे काम घाईने होत नाही. जिवाणूंना वाढायला लागतो तेवढा वेळ लागतो, मग तुम्ही मंत्री असा की कोणी. त्यामुळे खेड्यातली बाटली प्रयोगशाळेत येऊन तिचा रिपोर्ट परत जाईपर्यंत ते पाणी गावाने पिऊन संपवलेलं असे.

उमाकांतने काय केलं, तर टाक्यांमध्ये आणि पाइपलाइनवर सेन्सर बसवले. पाणी किती गढूळ आहे, त्यात क्लोरीन किती उरलंय, क्षार किती, तापमान किती, हे ते सेन्सर सतत कळवत. मग त्याने हेमांगीचे वीस-बावीस वर्षांचे रिपोर्ट यंत्राला शिकवले. असं गढूळ, असं क्लोरीन, असा ऋतू असताना ताईच्या नळीत बुडबुडा आला होता की नाही, हे यंत्र शिकलं आणि मग बुडबुड्याची वाट न पाहता अंदाज सांगू लागलं.

पहिल्या वर्षी हे अंदाज बरोबर आले. एका गावात क्लोरीन घालणं बंद झालं होतं, ते यंत्राने त्याच दुपारी कळवलं. हेमांगीला त्या दिवशी भावाचा इतका अभिमान वाटला, की तिने ऑफिसात पेढे वाटले. त्याने तिचा आवाज मागितला, तोही तिने दिला. मग शहरातल्या प्रत्येक नळाशेजारी एक छोटी पट्टी लागली. पाणी आलं की पट्टीवर हिरवा दिवा लागे आणि हेमांगीचा आवाज म्हणे, "आजचं पाणी पिण्यास योग्य आहे. काळजी नसावी."

पुढे धंदा वाढला. खात्याचे सहसंचालक घारपुरे यांनी हिशेब केला, की यंत्र असताना बुडबुडे धरत बसणं म्हणजे राष्ट्रीय वेळेचा अपव्यय आहे. 'राष्ट्रीय वेळ' हा त्यांचाच शब्द. प्रयोगशाळेतल्या तपासण्या बंद झाल्या. इन्क्युबेटर अनुभव केंद्रात काचेआड गेला आणि त्याच्याखाली 'जुन्या काळची उपकरणे' अशी पाटी लागली. आता खऱ्या तपासणीचे नवे रिपोर्ट येणं थांबलं, पण यंत्राला शिकायला तर सतत काही हवंच. मग उमाकांतच्या कंपनीने त्याला त्याचेच रिपोर्ट खाऊ घातले. ते भरपूर होते, आयते होते आणि छान एकसारखे होते.

यातून काय होतं ते समजायला फार विद्वान असावं लागत नाही. समजा, दहा वर्षांच्या पावसाच्या नोंदींवरून तुम्ही अकराव्या वर्षाचा अंदाज केला आणि तो अंदाजच खरा पाऊस म्हणून नोंदीत घातला. मग त्या अकरांवरून बारावं केलं, बारांवरून तेरावं. अंदाज नेहमी मधल्या, नेहमीच्या गोष्टींकडे झुकतो. त्यामुळे ज्या एका वर्षी पूर आला होता, ते वर्ष प्रत्येक फेरीत थोडं पुसट होत जातं. काही फेऱ्यांनी पूर नावाची गोष्टच नोंदींतून जाते. नदीला मात्र हे कोणी कळवत नाही.

हेमाचं असंच झालं. वाईट पाणी मुळातच क्वचित सापडतं. ते आणखी क्वचित झालं, मग संपलं. कोणी मुद्दाम लबाडी केली नाही. लबाडीला थोडं तरी डोकं लागतं.

एका दुपारी डॉ. आयेशा मुजावर हेमांगीच्या खोलीत आली. ती जिल्हा रुग्णालयात फिजिशियन होती, हेमांगीची शाळेपासूनची मैत्रीण. खुर्चीवरच्या फायली तिने स्वतःच उचलून खाली ठेवल्या आणि बसली.

"तुझं यंत्र पाण्याबद्दल काय म्हणतंय सध्या?"

"माझं नाही ते."

"नाव तुझं, आवाज तुझा. बरं, ते राहू दे. माझ्याकडे काविळीचे पेशंट वाढलेत. एका गल्लीतले असते तर म्हटलं असतं, कुठल्या लग्नात जेवले असतील. पण गवळीवाड्यातून येताहेत, स्टेशन रोडवरून येताहेत, माहितीनगरातूनसुद्धा. रक्त तपासून घेतलं. ई प्रकारची कावीळ आहे, हेमांगी. ही घाणेरड्या पाण्यातूनच पसरते."

माहितीनगर म्हटल्यावर हेमांगीने मान वर केली. उमाकांतचा बंगला तिथे होता. त्याची बायको रेवती गरोदर होती, आठवा संपत आला होता.

"गरोदर बायकांना..." हेमांगीने विचारलं.

"शेवटच्या महिन्यांत फार वाईट. बाकीच्यांची बहुतेक आपोआप बरी होते. यांचं लिव्हर काही दिवसांत जाऊ शकतं." आयेशाने चष्मा काढून पदराला पुसला. "मला फक्त एवढं सांग, पाणी कोणी तपासलंय का? कोणी म्हणजे माणसाने."

हेमांगीने संगणकावर हेमाचे वर्षभराचे रिपोर्ट उघडले. ती खाली खाली जात राहिली. सगळीकडे तेच. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात, एवढ्या टाक्यांत, एवढ्या महिन्यांत एकदाही 'अयोग्य' नव्हतं. तिच्या स्वतःच्या काळात असा एकही महिना गेला नव्हता.

ती घारपुऱ्यांकडे गेली. घारपुरे परदेशी शिष्टमंडळासाठी शाली निवडत होते.

"सर, वर्षभरात एकही नमुना वाईट निघालेला नाही."

"उत्तम!" घारपुरे म्हणाले.

"उत्तम नाही सर. हे अशक्य आहे. दिवसाआड पाणी सोडतो आपण. पाणी बंद झालं की पाइपात पोकळी होते आणि जिथे पाइप फुटलाय तिथून आजूबाजूची घाण आत ओढली जाते. आपले पाइप जुने आहेत, शेजारून गटारं जातात. एखादा तरी नमुना वाईट निघायलाच हवा."

"मॅडम, वाईट निघत नाही यालाच सुधारणा म्हणतात. तुम्हाला सवय नाही त्याची." त्यांनी एक जांभळी शाल बाजूला ठेवली. "आणि कावीळ म्हणजे काय, लोक गाड्यावरची पाणीपुरी खातात, उसाचा रस पितात. तुमच्या डॉक्टर मैत्रिणीला सांगा, जरा शिस्तीत आकडे ठेवा. बाहेर बातमी गेली तर जिल्ह्याचं मानांकन उतरेल. देशाचा प्रश्न आहे."

हेमांगीला त्या माणसाचा राग आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं. आपल्या खोलीत येऊन तिने कोपऱ्यातला हातात धरायचा सेन्सर उचलला आणि ती बाहेर पडली.

प्रयोगशाळेच्या मागून शहराचा नाला वाहत होता. वर साबणाचा फेस, खाली काय ते सांगायला नको. हेमांगीने पदर खोचला, काठावर वाकली आणि सेन्सर नाल्यात बुडवला. हातातल्या फोनवर आकडे आले. क्लोरीन शून्य, गढूळपणा मोजपट्टीच्या बाहेर. क्षणभर काही झालं नाही. मग तिचाच आवाज, गोड आणि निवांत, फोनमधून म्हणाला, "सेन्सरवर घाण बसलेली दिसते. मूल्यं दुरुस्त केली आहेत. पाणी पिण्यास योग्य आहे. काळजी नसावी."

तिने सेन्सर स्वच्छ पुसला आणि पुन्हा बुडवला. पुन्हा तेच. यंत्राच्या जगात वाईट पाणी उरलंच नव्हतं. त्यामुळे आकडे वाईट आले की चूक सेन्सरचीच असणार, इतकं सरळ होतं ते. आपल्या जुन्या रिपोर्टांखाली आपण कितीदा 'उकळून प्यावे' असं लिहिलं होतं, ते तिला आठवलं. ते दोन शब्द यंत्राने टाकून दिले होते.

त्याच दुपारी तिने अनुभव केंद्राचं काचेचं कपाट उघडलं आणि इन्क्युबेटर बाहेर काढला. तिथली स्वागतिका धावत आली. "मॅडम, ते हलवायचं नाही, ते प्रदर्शनात आहे!" हेमांगीने पाटी काढून तिच्या हातात दिली आणि इन्क्युबेटरची पिन भिंतीत लावली. मग ती शहरभर बाटल्या घेऊन फिरली. शेवटची बाटली माहितीनगरच्या टाकीवर भरली आणि तशीच उमाकांतच्या घरी गेली.

उमाकांत घरीच होता. रेवती खिडकीशेजारी आरामखुर्चीत बसली होती, हातात पाण्याचा मोठा ग्लास.

"आजपासून पाणी उकळून प्या," हेमांगी दारातूनच म्हणाली. "भाज्यासुद्धा उकळलेल्या पाण्याने धुवा."

उमाकांत हसला. "का? रिपोर्ट आला?"

"नमुने आत्ता ठेवतेय. उद्या-परवा कळेल."

"म्हणजे आज तुझ्याकडे काही नाही. हेमाकडे आजचा आहे, आत्ताचा आहे." तो प्रेमाने बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसा. "ताई, तुला वाईट वाटतंय, मला समजतं. सगळं काम यंत्राकडे गेलं. पण तू ते वैयक्तिक घेऊ नकोस. तुझं ज्ञानच तर तिथे आहे, शंभरपट होऊन."

"उम्या, मी आत्ता तुझं यंत्र नाल्यात बुडवलं होतं. ते म्हणालं, पिण्यास योग्य."

"नाल्यात? ताई, ते नाल्यासाठी बनवलेलंच नाही!"

"मग वाईट पाणी ओळखायला त्याला चांगलंच पाणी द्यायचं का?"

उमाकांतने फोनवर हेमाचा आजचा रिपोर्ट उघडून तिच्यापुढे धरला.

रेवतीने दोघांकडे पाहत ग्लास खाली ठेवला. "ताई, मी तर दिवसभर पाणीच पितेय. डॉक्टरांनी भरपूर प्यायला सांगितलंय. जेवण जात नाही, मळमळतं, पण पाणी पिते. नळावर तुमचा आवाज आला ना, की निर्धास्त वाटतं."

"मळमळ कधीपासून?"

"झाले काही दिवस. या दिवसांत होतंच ना."

हेमांगी तिच्याजवळ गेली. खिडकीतून उतरतं ऊन रेवतीच्या चेहऱ्यावर पडलं होतं. हेमांगीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि बोटाने खालची पापणी ओढली. डोळ्याचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा होता.

"गाडी काढ," ती उमाकांतला म्हणाली.

"ताई, एवढं..."

"गाडी काढ, म्हटलं ना!"

आयेशाने रेवतीला पाहिल्या पाहिल्या दाखल करून घेतलं. त्यानंतरच्या दिवसांत रेवतीची शुद्ध येत-जात राहिली. बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. रेवती वाचली. पण ती वाचेल असं आयेशाने स्वतः बऱ्याच उशिरा म्हटलं, आणि तेसुद्धा भिंतीकडे बघून. उमाकांत वॉर्डाबाहेरच्या बाकावर गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. हेमांगीने त्याच्या पाठीवर हात ठेवला, तेव्हा तो लहानपणीसारखा तिच्या कुशीत शिरला. इतका वेळ मनात धरून ठेवलेलं सगळं ती त्या क्षणी विसरली.

इकडे त्याच रात्री हेमांगीने इन्क्युबेटरमध्ये ठेवलेल्या नळ्यांत बुडबुडे धरले. गवळीवाडा, स्टेशन रोड, माहितीनगर, जवळजवळ सगळीकडे. हेमांगी त्या नळ्या तशाच घेऊन घारपुऱ्यांच्या टेबलापाशी गेली.

"पाणी बंद करा. टँकर लावा. आणि नळावरचा आवाज आधी बंद करा."

घारपुऱ्यांनी नळ्यांना हात लावला नाही. "यंत्राने अयोग्य म्हटल्याशिवाय पुरवठा बंद करता येत नाही, मॅडम. तशी कार्यपद्धतीच आहे. हेमाची सहमती लागेल."

"ती माझी नक्कल आहे. मी अस्सल तुमच्यासमोर उभी आहे."

"पण अधिकृत ती आहे," घारपुरे म्हणाले. त्यात त्यांना काही चमत्कारिक वाटलं नाही. चमत्कारिक वाटणं त्यांनी बढतीच्या आधीच सोडून दिलं असावं.

मग आयेशाने जामा मशिदीत बोलून घेतलं, हेमांगीने दत्तमंदिरात, आणि दोन्हीकडच्या लाउडस्पीकरवरून हेमांगी बोलली, "मी हेमांगी दुधगावकर बोलतेय. नळाचं पाणी वाईट आहे. उकळल्याशिवाय पिऊ नका." त्याच वेळी घराघरांतल्या नळांतून हेमांगी दुधगावकर सांगत होती, की काळजी नसावी. लोक गोंधळले. तासाभरात खात्याकडून सगळ्यांच्या फोनवर सूचना आली, की लाउडस्पीकरवरचा आवाज बनावट असून नागरिकांनी केवळ अधिकृत आवाजावर विश्वास ठेवावा. लोकांनी ठेवला. त्यांना दोष देता येत नाही. नळावरचा आवाज जास्त स्पष्ट होता, आणि त्याला धाप लागत नव्हती.

शेवटी हेमांगी दारोदार गेली. माणूस समोर उभं राहिल्यावर त्याला बनावट म्हणणं जरा अवघड जातं. गवळीवाड्यात एका म्हातारीने तिच्या गालाला हात लावून पाहिला आणि मग आत जाऊन पातेलं चुलीवर ठेवलं. बायकांनी एकमेकींना सांगितलं. नळाच्या पट्ट्यांवर कोणी फडकं बांधलं, कोणी दगडाने पट्टीच फोडली. पट्ट्या फुटल्या, तशी सरकारी मालमत्तेच्या नुकसानीची बातमी वर गेली, आणि तेव्हा कुठे राजधानीतून कोणीतरी विचारलं, की सोनखेडमध्ये काय चाललंय. पाणी बंद झालं. फुटलेला पाइप सापडला, गटाराच्या अगदी पोटात. तोवर बरीच माणसं आजारी पडली होती आणि काही गेली होती. त्यांत रेवतीसारख्याच दोन बाळंतपणाला आलेल्या मुली होत्या.

या काळात विकासफलकावरचा आकडा एकदाही खाली आला नाही. उलट वर गेला. सलाइन खपलं, टँकर धावले, बाटल्यांचं पाणी विकलं गेलं, विम्याचे दावे तपासायला यंत्रांना यंत्रं लागली. हे सगळं उत्पन्नच. त्या वर्षी जिल्ह्याला राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. घारपुऱ्यांनी ते घेतलं. त्यांच्यासाठी ठेवलेली शाल जांभळी होती की नव्हती, हे पाहायला हेमांगी गेली नाही. तिने राजीनामा दिला होता.

आपलं नाव आणि आवाज परत मिळावा असा अर्जही तिने केला. उत्तर आलं, की नाव तिचं असलं तरी 'हेमा' ही स्वतंत्र ओळख असून त्या ओळखीवर हेमांगीचा हक्क पोहोचत नाही.

आयेशाच्या ओळखीने तिला एका धर्मादाय दवाखान्याच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या. इन्क्युबेटर तिने भंगाराच्या लिलावात सोडवून आणला. लोक बाटल्या घेऊन येऊ लागले, आधी शहरातून, मग खेड्यांतून. हेमांगीने फक्त तपासलं नाही. जिथे बुडबुडा धरला, तिथे ती स्वतः जाऊन आली आणि त्या वेळी पाणी कसं होतं, पाइप कुठून जात होता, पाणी किती वेळ बंद होतं, शेजारी काय होतं, हे सगळं टिपत गेली. चांगल्या पाण्याची माहिती जगात भरपूर होती. वाईट पाण्याची, अशी बारकाईने गोळा केलेली, बहुतेक कुठेच नव्हती.

रेवती माहेरी गेली ती परत आली नाही. उमाकांत दोनदा आणायला गेला. दुसऱ्यांदा तिने त्याला दारातच विचारलं, "नळावरचा तो आवाज चालू आहे का अजून?" तो म्हणाला, आवाज बदललाय, आता पुरुषाचा आहे. तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर काही महिन्यांनी उमाकांत हेमांगीच्या खोलीत आला. अंगावर उंची कपडे होते, चेहरा उतरलेला नव्हता. दुःख त्याला झालं होतं, खरंखुरं झालं होतं, पण ते त्याने लवकर आवरलं होतं, घर आवरावं तसं. आता तो पुन्हा कामाला लागला होता.

"ताई, तुझं बरोबर होतं," बसताच तो म्हणाला. "यंत्राला वाईट उदाहरणंच मिळाली नाहीत. तिथे चुकलं. सगळ्या जगात हाच प्रश्न आलाय आता, नुसता पाण्यात नाही. यंत्रं स्वतःचंच खाऊन मंद झाली आहेत. खरी, माणसाने तपासलेली, वाईट निघालेली माहिती हवीय सगळ्यांना. आणि ती तुझ्याकडे आहे."

"आहे."

"ती मला दे. फक्त माझ्या कंपनीला. तुला मोठी प्रयोगशाळा बांधून देतो. दहा माणसं ठेव हाताखाली. ताई, विचार कर, सोनखेडच्या साथीमुळे एक नवा उद्योग उभा राहतोय. वाईट पाण्याचा."

"तुझी मुलगी गेली त्या साथीत."

तो खुर्चीत पुढे सरकला. मग म्हणाला, "म्हणूनच. तिचं जाणं वाया जाऊ नये असं वाटतं मला."

हेमांगीच्या लक्षात आलं. हे वाक्य त्याने आधी कुठेतरी म्हणून पाहिलं होतं, बहुधा पैसे गुंतवणाऱ्यांसमोर, आणि ते चाललं होतं. तिला त्याचा तिरस्कार वाटला. आणि त्याहून अवघड गोष्ट ही होती, की तो बोलत होता ते खोटं नव्हतं. ही माहिती मिळाली तर यंत्रं सुधारणार होती. कुठल्यातरी गावात, जिथे हेमांगी कधी पोचणार नव्हती, एखादी रेवती वाचणार होती. माहिती दाबून ठेवली तर हेमांगीचे हात स्वच्छ राहणार होते, एवढंच.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने आयेशाच्या मदतीने सगळ्या नोंदी, एकूण एक, कोणालाही फुकट घेता येतील अशा जगासमोर ठेवून दिल्या. वर एकच ओळ लिहिली, की या वाटेल त्याने वापराव्यात, फक्त वाईट निघालेलं पाणी गाळून टाकू नये. दुपारपर्यंत कुठल्या कुठल्या गावांच्या पाणीखात्यांनी, कॉलेजांनी, दुसऱ्या देशांतल्या दवाखान्यांनी त्या उतरवून घेतल्या. बार्शीजवळच्या एका नगरपालिकेतल्या मुलीने फोन करून विचारलं, "मॅडम, आमच्या टाकीचे आकडे तुमच्या स्टेशन रोडसारखे दिसताहेत. बंद करू का?" हेमांगी म्हणाली, "कर. आणि नमुना घेऊन ठेव."

ती फोन ठेवते तोच उमाकांत आला. तो धावत आला असावा. दारातच उभा राहिला.

"सगळं देऊन टाकलंस? सगळ्यांना?"

"तुलाही मिळेल. बघ उतरवून."

"मला सगळ्यांसारखं मिळून काय उपयोग? ताई, तुला कळतंय का तू काय केलंस? ही या देशातली सगळ्यात मौल्यवान माहिती होती. तू ती विकली असतीस, कोणालाही, तर ती उत्पन्नात धरली गेली असती, निर्यातीत धरली गेली असती. आता ती कशातच धरली जाणार नाही. तिला काही किंमतच उरली नाही!"

"नाही उरली," हेमांगी म्हणाली. टेबलावर खेड्यांतून आलेल्या बाटल्या होत्या, त्यातली पहिली तिने पुढे ओढली आणि झाकण उघडलं. "आता ती उपयोगी पडेल."